नोड वाढले म्हणून कॉप्या पण वाढवायच्या का?

डेटाबेसचा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट) तीन नोडचा, म्हणजे तीन मशीनचा होता, सीझनच्या आधी सहा केले, पुढच्या वर्षी नऊ होतील, मग रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे डेटाच्या कॉप्यांचा आकडा, तीनाचा सहा करायचा का? आपल्या गोव्यातली जी पोरं आता हळूहळू मोठे डेटाबेस सांभाळायला लागलीत, त्यांच्याकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकतो. थेट उत्तर हवं असेल तर नाही, करायचा नाही, बहुतेकांनी तीनावरच थांबावं. पण क्लस्टर वाढला की बाकीच्या चार गोष्टी बदलाव्या लागतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून हा लांबलचक लेख.

उदाहरणाला कॅसांड्रा हा डेटाबेस घेतोय, कारण तिथे ही सगळी बटणं उघड्यावर असतात. फेसबुकमध्ये इनबॉक्स सर्चसाठी तो बनला, २००८ मध्ये ओपन सोर्स झाला, आणि कॉप्या वाटायची त्याची पद्धत अ‍ॅमेझॉनच्या २००७ च्या डायनॅमो पेपरमधून आलीय. त्याच वळणाचा सिलाडीबी वापरत असाल तरी बरंचसं तसंच लागू पडेल.

तर रेप्लिकेशन फॅक्टर, पुढे नुसतं आरएफ म्हणतो, म्हणजे डेटाच्या प्रत्येक ओळीच्या एकूण किती कॉप्या ठेवायच्या. एकूण म्हणजे एकूण, ‘मूळ एक आणि वर तीन’ असं काही नसतं, सगळ्या कॉप्या सारख्याच मानाच्या. गावच्या जत्रेची वर्गणी धरा. ठरलं की प्रत्येक पावती तीन महाजनांच्या वहीत चढली पाहिजे. महाजन तीनच असतील तर प्रत्येकाच्या वहीत अख्खा हिशोब. पुढे महाजन नऊ झाले तरी नियम तोच राहतो, प्रत्येक पावती तीनच वह्यांत, फक्त वरच्या वाड्याच्या पावत्या एका तिघांकडे, खालच्या वाड्याच्या दुसऱ्या तिघांकडे, आणि प्रत्येकाची वही पातळ होते. पावती पक्की कधी म्हणायची, तर तिघांपैकी दोघांनी लिहून घेतली की. मग नंतर हिशोब विचारताना त्या तिघांतल्या कुठल्याही दोघांना गाठलं तर एकाच्या तरी वहीत ती सापडणारच, तिसरा त्या दिवशी म्हापशाच्या बाजारात गेलेला असला तरी काही अडत नाही.

हे ‘तिघांपैकी दोघं’ म्हणजे कोरम. आरएफचा अर्धा घ्यायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. लिहिताना जितक्यांचा होकार घेतला आणि वाचताना जितक्यांना विचारलं, त्यांची बेरीज आरएफपेक्षा जास्त असेल तर ताजा डेटा मिळतो. आता यात गंमत बघा. आरएफ दोन असेल तर कोरमही दोन, म्हणजे एक नोड पडला की त्याच्याकडच्या डेटासाठी काम बंद, दोन कॉप्यांचे पैसे देऊन कोरमच्या हिशोबात पडझड सोसायची ताकद शून्य. आरएफ तीन, कोरम दोन, एक पडला तरी चालतं. आरएफ चार, कोरम तीन, म्हणजे अजूनही एकच पडलेला चालतो, चौथ्या कॉपीचा खर्च गेला कुठे कोणास ठाऊक. आरएफ पाच, कोरम तीन, दोन पडले तरी चालतं. म्हणून एका डेटा सेंटरमध्ये निवड खरं तर तीन की पाच एवढीच असते, आणि दोन किंवा चार कायमचे ठेवलेले दिसले की मी विचारतो की बाबा हे ठरवून केलंय की राहून गेलंय.

आता वाढीकडे येऊ. समजा पर्वरीतली एक छोटी कंपनी आहे, कळंगुटपासून पाळोळेपर्यंतच्या हॉटेलांच्या रूम, बाईक, बोट असलं बुकिंग करते, आणि तिचा मूळ डेटा ९०० जीबी आहे. आरएफ तीन म्हणजे एकूण २,७०० जीबी. तीन नोडवर प्रत्येकी ९००, सहावर प्रत्येकी ४५०, नऊवर ३००. आता कोणीतरी जोशात येऊन नऊ नोड झाल्यावर आरएफ पाच केला तर एकूण होतात ४,५०० आणि प्रत्येकी ५००. म्हणजे नवीन तीन मशीनचे पैसे भरले आणि प्रत्येक डिस्कवर सहा नोडच्या वेळेपेक्षा जास्त डेटा बसला! शिवाय प्रत्येक बुकिंग आता तीनाऐवजी पाच ठिकाणी लिहावं लागतं, आणि तुम्ही नोड वाढवले होते ते डिसेंबरचा लोड झेपावा म्हणून. नोड वाढवतो ते जागा आणि वेगासाठी, आरएफ वाढवतो तो पडझड सोसण्यासाठी, हे दोन हिशोब वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो.

पण एक शंका रास्त आहे आणि ती हुशार पोरंच काढतात. नोड जास्त म्हणजे एकाच वेळी दोन बंद पडायची शक्यताही जास्त ना? हो, आणि चांगलीच जास्त. समजा प्रत्येक नोड एकूण वेळेच्या १ टक्का बंद असतो (हे मुद्दाम वाईट धरलंय) आणि ते एकमेकांशी संबंध नसताना पडतात. सहा नोडमध्ये कुठल्याही क्षणी दोन किंवा जास्त बंद असायची शक्यता साधारण ०.१५ टक्के येते. साठ नोडमध्ये तीच १२ टक्के. घाबरलात? थांबा, दुसरी बाजूही बघा. सहा नोडमध्ये आरएफ तीन असताना कुठलेही ठरावीक दोन पडले, आणि डेटा सगळीकडे सारखा विखुरलेला असला, तर २० टक्के डेटा असा असतो की ज्याच्या तीनपैकी दोन कॉप्या त्या पडलेल्या दोघांवरच होत्या, म्हणजे पाचातला एक गिऱ्हाईक एरर बघतो. साठ नोडमध्ये दोन पडले तर असा डेटा जेमतेम ०.१७ टक्के. थोडक्यात मोठ्या क्लस्टरमध्ये काहीतरी मोडलेलं असणं नेहमीचंच होतं, पण मोडलेला तुकडा बारीक होतो. सरासरी काढली तर नुकसान जवळपास तेवढंच.

मग ठरवायचं कसं? तुमच्या धंद्याला जास्त काय झोंबतं ते बघायचं. हॉटेल बुकिंगला हजारातल्या एक-दोघांना दोन मिनिटं एरर आला तर ते परत बटण दाबतात. पेमेंटचा हिशोब असेल, किंवा ‘एकाही गिऱ्हाईकाला एरर आलेला चालणार नाही’ असं लेखी करारात असेल, तर आरएफ पाचचा खर्च पटू शकतो.

दुसरी कसोटी मी सांगतो ती जरा आपल्या इथली आहे. चवथीच्या दिवसांत अख्खा गोवा आपापल्या गावच्या घरी असतो, कोण साखळीला, कोण सत्तरीत, कोण पेडण्याला, रेंज मिळेल न मिळेल. आरएफ तीन असताना एक नोड मेला तर तुम्ही आरती सोडून लॅपटॉप उघडणार का? उघडायला पाहिजे, कारण त्या डेटासाठी आता एकही चूक परवडणारी नाही. आरएफ पाच असेल तर मोदक खाऊन सकाळी बघितलं तरी चालतं. आणि नोड फक्त मरतच नाहीत, आपणही त्यांना बंद करतो, पॅच टाकायला, व्हर्जन बदलायला. एकेक नोड रीस्टार्ट करत जाताना आरएफ तीनची सगळी सूट त्या रीस्टार्टमध्येच खर्च झालेली असते, आणि नोड जितके जास्त तितका हा धोक्याचा काळ लांबतो. कॉल घ्यायला माणसं कमी असतील तर पाचव्या कॉपीचा खर्च एक माणूस ठेवण्यापेक्षा स्वस्त पडू शकतो, हे मॅनेजरला असंच सांगावं.

पण पाचाकडे जाण्याआधी रॅक, म्हणजे एकदमच बंद पडू शकतील अशा नोडचे गट, नीट लावा, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे आणि तो जवळजवळ फुकट. वरचा सगळा हिशोब ‘एकमेकांशी संबंध नसताना पडतात’ यावर उभा होता. खरं तसं नसतं. ऑफिसातल्या टेस्ट क्लस्टरचे दोन नोड एकाच यूपीएसवर असतात, जूनमध्ये गडगडाट होऊन वीज गेली की दोन्ही बरोबरच जातात. क्लाऊडवर यूपीएसच्या जागी अव्हेलेबिलिटी झोन येतो, म्हणजे रीजनमधला (एका भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहातला) वीज-नेटवर्क वेगळं असलेला हिस्सा. गोव्यात मोठ्या क्लाऊडवाल्यांचं रीजन नाही, बरेच जण मुंबईच घेतात, आणि अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये तीन झोन आहेत. प्रत्येक झोनला कॅसांड्रात एक रॅक म्हणून सांगायचं, आणि कीस्पेस (टेबलांचा गट, आरएफ त्यालाच लावतात) बनवताना कॉप्या कुठे ठेवायच्या त्याचा नियम म्हणून सिंपल स्ट्रॅटेजी न घेता नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी घ्यायची. सिंपलवाला रॅक बघतच नाही, रिंगवर (नोडच्या गोल रांगेत) पुढे जो नोड येईल तो उचलतो, मग तिन्ही कॉप्या एकाच झोनमध्ये बसल्या तरी त्याला त्याचं काही नाही. नेटवर्क टोपॉलॉजीवाला आधी वेगवेगळे रॅक शोधतो. तीन रॅक, आरएफ तीन, प्रत्येक रॅकमध्ये प्रत्येक ओळीची एक कॉपी, म्हणजे एक अख्खा झोन अंधारात गेला, त्यातले तीनचे तीन किंवा वीसचे वीस नोड गेले, तरी कोरम शाबूत.

इथे वाढताना एक सापळा आहे. रॅक सारखे भरलेले पाहिजेत. समजा दोन रॅकमध्ये तीन-तीन नोड आहेत आणि तुम्ही उत्साहात तिसऱ्या रॅकमध्ये पहिला एकच नोड टाकला. आता नियम म्हणतो प्रत्येक ओळीची एक कॉपी तिसऱ्या रॅकमध्ये हवी, आणि तिथे आहे एकच बिचारा, म्हणजे अख्खा ९०० जीबी त्याच्या बोडक्यावर. डिस्क भरून तो झोपतो आणि लोक म्हणतात कॅसांड्रा वाईट. म्हणून तीन रॅक पहिल्या दिवसापासून करा आणि वाढवाल तेव्हा तिनाच्या पटीत वाढवा, प्रत्येक रॅकला एक. नोड आत घेताना मात्र एकावेळी एकच, तो पूर्ण भरून झाल्यावर दुसरा, आणि सगळे आले की जुन्या नोडवर क्लीनअप चालवा, कारण जो डेटा आता त्यांचा राहिला नाही तो ते आपणहून पुसत नाहीत. क्लीनअप विसरल्यामुळे ‘नोड वाढवले तरी डिस्क रिकामी होत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे खूप.

कन्सिस्टन्सी लेव्हल, म्हणजे किती कॉप्यांनी हो म्हटलं की काम झालं मानायचं, ही आरएफची जुळी बहीण, आणि ती अ‍ॅपच्या कोडमध्ये बसलेली असते, म्हणून डेटाबेसवाल्यांच्या नजरेतून सुटते. कॅसांड्राच्या जावा आणि पायथन ड्रायव्हरचा (कोडला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) डिफॉल्ट ‘लोकल वन’ आहे, म्हणजे एकाने हो म्हटलं की झालं. वेगवान आहे, पण एका सेकंदापूर्वी बुक झालेली रूम दुसऱ्याला रिकामी दिसू शकते. रूमचा साठा दाखवायला लोकल कोरम (आपल्याच डेटा सेंटरमधल्या कॉप्यांचा कोरम) ठेवा, रिव्ह्यू आणि फोटोंना लोकल वन चालेल, सगळीकडे एकच लावायची सक्ती नाही. मात्र लोकल कोरम लावलं म्हणजे शेवटच्या एका रूमवर दोघांनी एकदम बोट ठेवलं तर डबल बुकिंग होणार नाही असं नव्हे, त्याला कॅसांड्राचं लाइटवेट ट्रान्झॅक्शन (आधी तपासून मगच लिहायची सोय) लागतं, तो वेगळा विषय.

आता समजा विचार करून आरएफ वाढवायचंच ठरलं. कमांड एका ओळीची आहे, ऑल्टर कीस्पेस, एंटर, क्षणात परत येते, आणि माणसाला वाटतं झालं. काहीच झालेलं नसतं! कमांडने फक्त नियम बदलला, नवीन कॉप्या ज्यांच्याकडे असायला हव्यात त्या नोडकडे जुना डेटा अजून आलेला नाही, पण क्लस्टर आता त्यांनाही विचारायला लागला आणि ते प्रामाणिकपणे ‘माझ्याकडे असं काही बुकिंग नाही’ म्हणतात. नोडटूल या कमांडने फुल रिपेअर (कॉप्या एकमेकींशी ताडून राहिलेलं भरणं) सगळ्या नोडवर पूर्ण झाला की मगच खरं काम संपतं.

आणि तीनावरून एकदम पाचवर उडी मारली तर कोरमने वाचूनसुद्धा चुकायला होतं. कसं ते बघा. जुनी नोंद तिघांपैकी दोघांकडे होती, तिसऱ्याकडे पोचलीच नव्हती, तरी कोरम झाला म्हणून ती पक्की. आता दोन नवे रिकामे आले. नवा कोरम तीन. वाचताना नेमके ते दोन रिकामे आणि तो न पोचलेला तिसरा सापडले तर तिघंही नाही म्हणतील, आणि गिऱ्हाईकाचं बुकिंग हवेत. त्यापेक्षा तीनाचे चार करा, फुल रिपेअर, मग चाराचे पाच, परत फुल रिपेअर. चारावर असताना कोरम तीन असतो, चौघांतले कुठलेही तीन विचारले तरी नोंद असलेल्या दोघांपैकी एक सापडतोच. मघाशी चारला नावं ठेवली, पण पायरी म्हणून त्याचा उपयोग होतो. मात्र हे गणित कोरमने लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं आहे, लोकल वनवाल्यांना रिपेअर संपेपर्यंत भोकं दिसणार, त्या काळापुरतं त्यांनाही कोरमवर आणा. हे सगळं करायचं पावसाळ्यात, शॅक बंद असतात तेव्हा. रिपेअर डिस्क आणि नेटवर्क दोन्ही खातो, नाताळच्या आठवड्यात तो सुरू करणाऱ्याला कोणीतरी थांबवावं.

उलट बाजूने, आरएफ कमी केला तर रिपेअर नको, क्लीनअप हवा.

रिपेअरचं आणखी एक आहे जे क्लस्टर वाढला की चावतं. नोड बंद असताना त्याच्यासाठी आलेलं लिखाण बाकीचे नोड ‘हिंट’ म्हणून बाजूला ठेवतात, पण डिफॉल्ट ३ तासच. त्याहून जास्त वेळ नोड बंद राहिला तर मधलं त्याला रिपेअरशिवाय खात्रीने मिळत नाही. आणि पुसलेल्या ओळींच्या खुणा डिफॉल्ट १० दिवस ठेवल्या जातात, ८,६४,००० सेकंद. त्या मुदतीत प्रत्येक नोडचा रिपेअर झाला नाही तर रद्द केलेलं बुकिंग एखाद्या मागे पडलेल्या नोडवरून परत जिवंत होऊ शकतं. तीन नोड असताना रविवारी हाताने रिपेअर चालवून भागतं. वीस नोड झाले की एकामागून एक चालवत बसलात तर १० दिवसांत फेरी पुरी होईल याचा भरवसा नाही, तेव्हा रीपरसारखं टूल लावून तुकड्या-तुकड्यात चालू ठेवावं लागतं. माझ्या मते आरएफ तीन की पाच यावर तासभर मीटिंग घेण्याआधी शेवटचा रिपेअर कधी पूर्ण झाला ते विचारावं, पुष्कळ ठिकाणी त्यावर शांतता पसरते.

दुसऱ्या शहरात कॉपी ठेवावी का? मुंबईबरोबर हैदराबाद घेता येतं, अ‍ॅमेझॉनचं तिथलं रीजन २०२२ पासून आहे. कॅसांड्रात प्रत्येक डेटा सेंटरला वेगळा आरएफ देता येतो, मुंबई तीन, हैदराबाद तीन. इथे लोकल कोरमच वापरा, साधा कोरम लावला तर सहापैकी चार होकार हवेत, म्हणजे प्रत्येक बुकिंग हैदराबादची वाट बघणार. दोन्ही शहरांमध्ये सरळ रेषेत सहाशेच्या वर किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, नुसतं जाऊन येऊन सहा मिलिसेकंद तरी गेले, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. नवीन सेंटरमध्ये जुना डेटा आणायला रिपेअर नको, रीबिल्ड (जुन्या सेंटरमधून डेटा थेट ओढून आणणं) वापरा.

लांबच्या कॉपीचा दुसरा त्रास म्हणजे मधलं नेटवर्क तुटलं तर कोणाचं खरं मानायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरशी कनेक्शन फक्त ४३ सेकंद तुटलं, तेवढ्यात त्यांच्या मायएसक्यूएल डेटाबेसची मुख्य जागा, जिथे लिखाण होतं ती, आपोआप पश्चिम किनाऱ्याकडे गेली, आणि पूर्वेकडे काही लिखाण असं राहिलं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. कॅसांड्रात मुख्य असा कोणी नसतो, पण दोन्हीकडे एकच ओळ बदलली गेली तर ज्याचा टाइमस्टॅम्प (लिहिल्याची वेळ) नंतरचा तो जिंकतो आणि दुसऱ्याचा बदल गुपचूप जातो. छोट्या कंपनीने आधी तीन झोन नीट करावेत, दुसरं शहर नंतर.

हे सगळं कॅसांड्रासारख्यांचं झालं जिथे नोड आणि कॉप्या हे दोन वेगळे आकडे आहेत. एटसीडी या सेटिंग वगैरे साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये तसं नाही, तिथे प्रत्येक मेंबरकडे, म्हणजे नोडकडे, अख्खी कॉपी असते, म्हणून मेंबर वाढवले की वेग वाढायच्या जागी लिखाण उलट मंदावतं, तीन किंवा पाचवर थांबायचं. मोंगो डेटाबेसच्या रेप्लिका सेटमध्ये (एकच डेटा ठेवणाऱ्या नोडच्या गटात) ५० पर्यंत मेंबर चालतात पण मुख्य नोड निवडायचं मत सातांनाच, आणि डेटा वाढला तर उपाय शार्डिंग (डेटाचे तुकडे करून वेगवेगळ्या मशीनवर वाटणं) हा आहे. कॉकरोचडीबी हा आणखी एक डेटाबेस डिफॉल्टने तीन कॉप्या ठेवतो आणि तुकडे स्वतःच हलवतो. एकाचा सल्ला दुसऱ्याला चिकटवू नका.

आणि कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची डिलीट कमांड तिन्ही कॉप्यांवर तितक्याच इमानदारीने पोचते, आरएफ पाच असेल तर पाचांवर. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला रेप्लिकेशन दुरुस्त करायच्या गडबडीत मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली गेली, नेहमीचे बॅकअप बघायला गेले तर ते चालतच नव्हते, आणि साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घ्या, ते दुसऱ्या अकाउंटमध्ये ठेवा, आणि मधूनमधून तिथून परत उभा करून बघा.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट. आपल्या कीस्पेसचा आरएफ तीन करतो, पण युजर आणि पासवर्ड ज्यात असतात त्या सिस्टम ऑथ कीस्पेसचा डिफॉल्ट आरएफ एक असतो. तो बदलला नाही तर नेमका त्या कॉपीचा नोड पडल्यावर बुकिंगचा डेटा सगळा जागेवर असतो आणि अ‍ॅपला लॉगिनच करता येत नाही. त्यालाही नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी लावून तीन करा, वर त्याचा रिपेअर चालवा, एवढासा डेटा असतो, चहा होईपर्यंत संपतो.